वळिवड्यापासून बेळगावपर्यंत: सैनिकांच्या ऋणाची वाट

१८ मे १९४४ रोजी इटलीत माँटे कॅसिनोच्या उद्ध्वस्त मठावर पोलिश सैनिकांनी आपलं निशाण लावलं. त्या सैन्यातल्या काहींच्या बायका, आया आणि भावंडं त्या दिवशी कोल्हापूरला लागून असलेल्या वळिवड्याच्या निर्वासित छावणीत होती. त्याच लढाईत खालच्या खोऱ्यातून गारी नदी ओलांडणाऱ्या आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. कोल्हापूर, सातारा, रत्नागिरीकडची पोरं मराठा पलटणींत पिढ्यानपिढ्या भरती होत आलेली आहेत. म्हणजे तिकडे आपली माणसं त्यांच्या माणसांशेजारी लढत होती आणि इकडे त्यांची लेकरं आपल्याकडे शाळेत जात होती. या प्रवासाची आखणी याच धाग्यावर केली आहे.

निघण्याआधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जून ते सप्टेंबर टाळावा, कारण पंचगंगा आणि कृष्णा फुगल्या की शिरोळ तालुक्यातले रस्ते बंद होतात आणि तिसरा दिवस पाण्यात जातो. तारखा निवडता येत असतील तर १ नोव्हेंबर (पोलिश लोक या दिवशी आपल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावतात), ७ डिसेंबरचा ध्वजदिन, १६ डिसेंबरचा विजय दिवस किंवा ४ फेब्रुवारीचा मराठा दिवस बघून जावं. ४ फेब्रुवारी १६७० ला कोंढाणा घेतला, त्याची आठवण म्हणून रेजिमेंट हा दिवस पाळते.

बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला भेट द्यायची तर पत्र आधी पाठवावं लागतं. गटातल्या प्रत्येकाचं नाव, ओळखपत्राचा क्रमांक, गाडीचा नंबर आणि भेटीचं कारण त्यात स्पष्ट लिहावं. गेटवर उभं राहून ओळखी काढत बसण्यात काही हशील नाही, लष्करी हद्दीत परवानगीशिवाय सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे.

सामानात मऊ केसांचे दोन ब्रश, पाच-पाच लिटर साध्या पाण्याचे दोन कॅन, सुती फडकी, एक बॅटरी, पतंगाचा पातळ कागद आणि मेणाचे खडू घ्यावेत. ते का, हे पहिल्याच दिवशी कळतं.

पहिला दिवस: महावीर उद्यान आणि पोलिश थडगी

सुरुवात नागाळा पार्कातल्या महावीर उद्यानापासून. इथं पोलिश निर्वासितांच्या आठवणीचा स्तंभ आहे. सकाळी फिरायला येणाऱ्यांची ये-जा त्याच्या शेजारूनच चालते. स्तंभापाशी पाच मिनिटं थांबून मजकूर पूर्ण वाचावा आणि मग दफनभूमीकडे निघावं.

वळिवड्याच्या छावणीत जे वारले त्यांची थडगी शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. आत जाण्याआधी तिथल्या व्यवस्थापकाला भेटावं. अंत्यसंस्कार सुरू असेल तर बाहेर थांबावं, दुपारी पुन्हा यावं.

आता दगडांविषयी. श्रद्धेनं गेलेली माणसंच स्मारकांचं सर्वांत जास्त नुकसान करतात, म्हणून हा भाग सविस्तर लिहितो. संगमरवर म्हणजे चुनखडीचाच भाऊ. त्यावर ॲसिड, लिंबू किंवा फरशी पुसायचं जहाल द्रावण पडलं की पृष्ठभाग फसफसतो आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. तारेच्या ब्रशानं ओरखडे पडतात आणि त्यात पुढच्या पावसाळ्यात शेवाळ घर करतं. कोरलेल्या अक्षरांत काळा ऑइलपेंट भरायची आपल्याकडे फार हौस. तो दोन-तीन वर्षांत पापुद्र्यांनी सुटतो, खाली ओल धरून ठेवतो, आणि रंगवणाऱ्याला भाषा येत नसेल तर एका अक्षराचं दुसरं करून ठेवतो. परदेशी आडनावांची अशी वाट लागलेली फार ठिकाणी दिसते. हळद-कुंकू संगमरवरात शिरलं की निघत नाही. हाराची तार गंजून तपकिरी ओघळ सोडते. चौथऱ्यावर नारळ फोडला की टवके उडतात.

दगड धुवायचा तर आधी परवानगी घ्यावी. मग दगड साध्या पाण्यानं पूर्ण भिजवावा आणि मऊ ब्रशानं खालून वर घासत जावं. वरून सुरुवात केली तर मळकं पाणी खालच्या कोरड्या दगडात ओघळतं आणि पट्टे कायमचे राहतात. शेवटी भरपूर पाणी ओतावं. साबण नकोच. दगड पोकळ वाजत असेल किंवा कपच्या सुटत असतील तर हात लावू नये, फोटो काढून व्यवस्थापकाला दाखवावा.

पुसट नावं वाचायची युक्ती उजेडात आहे. समोरून प्रकाश पडला तर काहीच दिसत नाही. बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूनं धरली की कोरीव कडांच्या सावल्या पडतात आणि अख्खं नाव उभं राहतं. दगड भक्कम असेल तर पतंगाचा कागद लावून मेणाच्या खडूची आडवी बाजू हलकेच फिरवावी, ठसा उमटतो. पीठ किंवा खडूची पूड अक्षरांत भरू नये, ती ओल खेचते. पोलिश अक्षरांना शेपट्या आणि टिंबं असतात. उतरवून घेताना ती गाळली तर नाव बदलतं, म्हणून ठसा आणि फोटो दोन्ही ठेवावेत.

दुसरा दिवस: वळिवडे

वळिवडे शहरापासून आठेक किलोमीटरवर. शेजारच्या गांधीनगरला केएमटीची (महापालिकेची) बस जाते, वडापही (शेअर जीप) मिळतं. मिरज मार्गावर वळिवडे स्थानक आहे, पण सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत, तेव्हा वेळापत्रक आधी बघावं. गांधीनगरच्या कापडपेठेत सणासुदीला इतकी गर्दी असते की चारचाकी आत नेणं शहाणपणाचं नाही.

इथं काय घडलं ते क्रमानं समजून घेतलं तर जागेचा अर्थ लागतो, नाहीतर समोर फक्त दुकानं आणि घरं दिसतात. १९३९ मध्ये पोलंडचे जर्मनी आणि सोव्हिएत रशियानं लचके तोडले. १९४० आणि ४१ मध्ये पूर्व पोलंडातल्या लाखो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हाकलण्यात आलं. जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा रशियाला पोलिश सैन्याची गरज पडली. जुलैत करार झाला आणि जनरल आंडर्स यांच्या हाताखाली सैन्य उभं राहू लागलं. श्रमछावण्यांतून सुटलेली माणसं बायका-मुलांसह या सैन्याच्या दिशेनं चालत, मालगाड्यांत लोंबकळत निघाली. १९४२ मध्ये मार्च आणि ऑगस्ट अशा दोन खेपांत सैन्य आणि त्याच्याबरोबरची कुटुंबं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. तिथून सैनिक इराक, पॅलेस्टाइन करत इटलीच्या आघाडीवर गेले. कुटुंबं आफ्रिकेत, मेक्सिकोत, न्यूझीलंडमध्ये पांगली आणि काही भारतात आली. जामनगरजवळच्या बालाचडीत नवानगरच्या जामसाहेबांनी मुलांना आसरा दिला. कोल्हापूर संस्थानात वळिवड्याची छावणी १९४३ मध्ये सुरू झाली. सुमारे ५ हजार माणसांची ती वस्ती. त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती, कारण धडधाकट पुरुष सैन्यात होते.

रांगेनं बराकी, शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचा रंगमंच, बालवीरांची पथकं, असं अख्खं गाव इथं नांदत होतं. खर्च लंडनमध्ये आसरा घेतलेल्या परागंदा पोलिश सरकारनं उचलला होता. छावणीतल्या बाईच्या दृष्टीनं सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे टपाल. माँटे कॅसिनोच्या पोलिश दफनभूमीत हजाराहून अधिक थडगी आहेत, यावरून त्या उन्हाळ्यात वळिवड्याच्या टपालात काय काय आलं असेल ते समजावं.

युद्ध संपल्यावर त्यातल्या बहुतेकांना परत जायला घर उरलं नव्हतं, कारण त्यांचा मुलूखच सोव्हिएत हद्दीत गेला होता. १९४७-४८ पर्यंत ही मंडळी इंग्लंड आणि इतर देशांत गेली. रिकाम्या बराकींत फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं आली. त्यांचं गांधीनगर झालं. एकाच जागेनं पाच वर्षांच्या अंतरानं दोन निराधार समाज पोसले. हे आपल्याकडे पाठ्यपुस्तकात असायला हवं असं ठामपणे वाटतं.

बघायला काय उरलंय? अगदी थोडं. २०१९ मध्ये उभारलेलं स्मारक आहे. त्या वेळी छावणीत लहानाचे मोठे झालेले पोलिश लोक मुद्दाम आले होते. जुन्या बांधकामाच्या खुणा लोकांच्या राहत्या घरांत मिसळल्या आहेत, त्यामुळे विचारल्याशिवाय कुणाच्या अंगणात शिरून फोटो काढू नयेत. म्हाताऱ्या सिंधी दुकानदारांशी बोलावं, सकाळी अकराच्या आत, दुकानं भरण्याआधी.

तिकडेही आठवण जपलेली आहे. वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथं आणि माँटे कॅसिनोच्या स्मारकावर आदरांजली वाहिली. परदेशच्या राजधानीत आपल्या गावाचं नाव कोरलेलं आहे, हे कोल्हापुरात अजून पुरेसं माहीत नाही.

तिसरा दिवस: सैनिक टाकळी

इचलकरंजी, कुरुंदवाड करत शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीला जायचं. गाडीनं दीड-दोन तास. गावाच्या नावातच सगळं आलं. घरटी फौजी असलेल्या या गावात पणजोबा, आजोबा, बाप आणि लेक असे चारही जण पलटणीत गेलेली घरं सापडतात. करवीर तालुक्यातलं गिरगावही याच लौकिकाचं, वेळ असेल तर दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी तेही करता येतं.

आधी ग्रामपंचायतीत किंवा माजी सैनिकांच्या संघटनेत भेटावं. थेट दारात गेलं तरी चहा मिळेल, पण शहीद जवानाच्या घरी असं जाऊ नये. वीरमाता आणि वीरपत्नींकडे गावातल्या एखाद्या बाईला बरोबर घेऊन जावं आणि बोलायचं की नाही ते त्यांच्यावर सोडावं.

माजी सैनिकाला हुद्द्यानं हाक मारावी. सुभेदार साहेब, हवालदार साहेब, ऑनररी कॅप्टन साहेब. आपल्याकडे सरसकट सगळ्यांना 'मेजर' म्हणतात, प्रेमानंच म्हणतात, पण नायब सुभेदारानं वीस-पंचवीस वर्षं खपून मिळवलेला हुद्दा नीट उच्चारला तर चेहऱ्यावर फरक दिसतो. 'किती मारले?' हा प्रश्न कुणीही, कधीही विचारू नये, मुलांना तर आधीच बजावून ठेवावं. 'पलटण कुठली? भरती कुठं झाली? ट्रेनिंगला कोण उस्ताद होते? थंडीत पोस्टवर पाणी कसं मिळवायचा?' असं विचारलं की गाडी सुरू होते. तोफखान्यातल्या माणसांना बहुधा कमी ऐकू येतं. समोर बसून, ओठ दिसतील असं, सावकाश बोलावं, कानात ओरडू नये. तासाभरात थांबावं.

पदकं दाखवली तर खाली मऊ कापड पसरून, कडेनं धरून बघावीत. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल असेल तर त्याची कड वाचावी: सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथं बारीक अक्षरांत ठोकलेली असते. घरातल्या इतर सगळ्या कागदांपेक्षा ही ओळ मोलाची. दिवाळीला पितळी पॉलिशनं किंवा टूथपेस्टनं घासून ती ओळच गेलेली पदकं बघायला मिळतात, आणि चांदीची म्हणून सोनाराकडे वितळलेली तर किती गेली असतील. तेच पदक ब्राँझचं असेल तर आजोबा बहुधा लेबर कोअरसारख्या मदतनीस दलात होते. त्यांचं काम रस्ते बांधणं आणि ओझी वाहणं हे होतं, आणि ते काही कमी नव्हतं. पदकं कोरडीच पुसावीत. गेलेल्या माणसाची पदकं घरच्यांनी कार्यक्रमात लावायची तर छातीच्या उजव्या बाजूला. डावी बाजू ज्यानं मिळवली त्याची.

गावच्या स्मारकावर पुष्पचक्र वाहताना दोन हातांनी टेकवावं, दोन पावलं मागं यावं आणि सावधान उभं राहावं. साध्या नागरिकांनी सॅल्यूट करण्याची गरज नाही. मान झुकवावी, ते पुरेसं आहे.

परतताना खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर जवळच आहे. उजेड असेल तर अवश्य.

चौथा दिवस: बेळगाव

कागल, निपाणी, संकेश्वर या मार्गानं बेळगाव साधारण ११० किलोमीटर. पहाटे सहाला निघावं. सीमाप्रश्नावर वातावरण तापलं की एसटी कोगनोळी नाक्याच्या अलीकडेच थांबते, त्यामुळे आदल्या रात्री चौकशी करून ठेवावी.

मराठा लाईट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथं आहे. पहिली पलटण १७६८ ची. कोल्हापूर संस्थानची राजाराम रायफल्सही स्वातंत्र्यानंतर याच रेजिमेंटमध्ये सामील झाली. फोटोबद्दल जे सांगतील ते निमूट ऐकावं, मोबाईल गाडीत ठेवायला सांगितला तर ठेवावा. आणि हो, वही-पेन विसरू नये, कारण इथं लिहून घेण्यासारखं फार आहे.

सेंटरमधल्या शर्कत युद्धस्मारकासमोर उभं राहताना पहिल्या महायुद्धातला मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, डोळ्यांपुढं आणावा लागतो. शर्कत हे तैग्रिस नदीकाठचं ठिकाण. ऑक्टोबर १९१८ मध्ये तिथं ११४ व्या मराठा पलटणीनं तुर्कांशी निकराची झुंज दिली. त्याआधी, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, कूत अल अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. उपासमारीनं शरणागती पत्करावी लागली आणि कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात असंख्य मेले. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत 'पणजोबा बसऱ्याला गेले' एवढंच माहीत असतं. ते बसरा म्हणजे हीच इराकची आघाडी.

दुसऱ्या महायुद्धातली दोन नावं इथून तोंडपाठ करून जावीत. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४, इटलीतलं तैबर नदीचं खोरं. सेक्शनमधले बाकी सगळे पडल्यावर ते एकटे मशीनगनवर धावले. बॉम्ब टाकला, टॉमीगन चालवली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा तिच्याच दस्त्यानं उरलेल्या दोघांना लोळवलं. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तिथंच पडले. वय २२. त्यांची समाधी नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. तिथल्या मोंतोने गावानं २०२३ मध्ये त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. दुसरे संगमनेरजवळच्या निमजचे शिपाई नामदेव जाधव, कॅसिनोला लढलेल्या पहिल्याच पलटणीचे. ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. जखमी साथीदारांना पाण्यातून, सुरुंगांमधून पाठीवर वाहून आणलं. हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना तेव्हा बॉम्बनं शत्रूची ठाणी उडवली आणि बांधावर चढून रणघोषणा देत मागच्यांना बोलावलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक.

पलटणींचे क्रमांक आणि नावं बदलत गेल्यामुळे शोध घेणारे इथं हमखास चुकतात. घाडगे ज्या तिसऱ्या पलटणीचे, ती पुढं पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी तीच बटालियन बांगलादेशात टांगाईलला हवाई छत्र्यांनी उतरली, आणि जमालपूरकडून येऊन तिला जोडून घेणारी कोण, तर पहिली मराठा. १९४४ मध्ये ज्या दोन पलटणी इटलीत होत्या त्याच २७ वर्षांनी टांगाईलजवळच्या पुंगली पुलापाशी भेटल्या, तेव्हा जवान त्यांच्या मुलांच्या वयाचे होते.

शेवटचा दिवस: कोल्हापुरात कागदांचं काम

जमवलेली नावं घेऊन बसायचा हा दिवस. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिक आणि वीरपत्नींच्या नोंदी असतात. डिस्चार्ज बुकाची (सैन्यातून सुटताना मिळणाऱ्या नोंदवहीची) प्रत असेल तर काम सोपं होतं. ती नसेल तर किमान सैनिक क्रमांक, पलटण आणि गाव लागतं. पेन्शन किंवा मानधनाची अडचण कुणी गावात सांगितली असेल तर तीही इथंच मांडावी, कारण अनेक म्हाताऱ्या बायकांना कागदावरच्या नावात एक अक्षर वेगळं म्हणून खेटे घालावे लागतात. ध्वजनिधीही इथं जमा करता येतो, पावती घ्यावी.

दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची (युद्धात गेलेल्यांची थडगी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) ऑनलाइन सूची आहे. त्यात एकाच स्पेलिंगवर विसंबू नये. पवारचं पोवार, जाधवचं जाधो, शिंदेचं सिंदे असं इंग्रज कारकुनांनी जसं ऐकलं तसं लिहिलेलं आहे. आधी पलटण आणि वर्ष निवडावं, मग अधिक माहितीच्या रकान्यात गावाचं किंवा कोल्हापूरचं नाव टाकावं, आडनाव सगळ्यात शेवटी. एकाच नावाचे चार जण निघतात, तेव्हा सैनिक क्रमांक आणि बापाचं नाव जुळवल्याशिवाय 'हेच आपले' म्हणू नये.

नोंद इराकमधल्या बसरा स्मारकाची निघाली तर घरच्यांना एक गोष्ट खरी खरी सांगावी लागते. तिथं ४० हजारांहून अधिक जणांचं स्मरण आहे, पण मूळ भिंतीवर ब्रिटिशांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि भारतीय शिपायांची पलटणवार नुसती संख्या घातली. २०२१ मध्ये कमिशननंच प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आहे. नावं कागदोपत्री यादीत आहेत, म्हणून त्या यादीतलं नाव अचूक असणं जास्तच महत्त्वाचं. चूक सापडली तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो. घरातली आठवण पुरावा म्हणून धरत नाहीत. त्यामुळे पदकाच्या कडेचा फोटो, डिस्चार्ज किंवा पेन्शनचे कागद, मृत्यूची अधिकृत नोंद यांतलं जे असेल ते स्कॅन करून जोडावं, देवनागरी कागदाचं इंग्रजी भाषांतर सोबत द्यावं, आणि अर्जाची एक प्रत त्या घरी ठेवून यावी.